नेकरकाठची संध्याकाळ आणि गाळलेले नाव

‘बांग-ए-दरा’च्या दुसऱ्या भागात एक छोटी नज्म आहे. कुणाच्या तरी मांडीवर मांजर बसलेले पाहून कवीच्या मनात जे आले, ते तिच्यात आहे. शीर्षक ‘अमुकच्या मांडीवर मांजर पाहून’ अशा धाटणीचे आहे. पण छापील पानावर त्या ‘अमुक’ची जागा कोरी सोडलेली आहे. १९२४ साली अल्लामा इक्बालांनी हा आपला पहिला उर्दू संग्रह छापायला दिला, तेव्हा कितीतरी जुन्या कविता त्यांनी बाजूला काढल्या, कितीतरी ओळी बदलल्या. ही नज्म मात्र राहू दिली. नाव तेवढे राहू दिले नाही.

एवढ्याशा कोऱ्या जागेवर कशाला लिहायचे, असे कोणी विचारील. आम्हांला वाटते, आपल्या एकूण काव्यवाचनाची एक खोड या जागेपाशी उघडी पडते, म्हणून लिहायचे.

आपल्या वाचकांचा इक्बाल ठरलेला आहे. कोकणातल्या, मराठवाड्यातल्या उर्दू शाळांतून शिकलेल्या पोरांना तो ‘बच्चे की दुआ’तून भेटतो, मराठी शाळेत गेलेल्यांना ‘तराना-ए-हिंदी’तून. पुढे ‘शिकवा’ आणि ‘जवाब-ए-शिकवा’ येतात, खुदी येते, शाहीन येतो, आणि मग राजकारणाच्या वादात हा शायर असा काही ओढला जातो की त्याच्या कवितेकडे परतायला वेळच उरत नाही. या सगळ्यांत १९०५ ते १९०८ या तीन वर्षांचा इक्बाल हरवतो. ‘बांग-ए-दरा’चा दुसरा भाग म्हणजे नेमकी हीच तीन वर्षे. संग्रहात हा भाग सर्वांत लहान, आणि प्रेमाच्या कविता दाटीने आहेत त्या इथेच: ‘हुस्न-ओ-इश्क’, ‘विसाल’, ‘आशिक-ए-हरजाई’, ‘जल्वा-ए-हुस्न’, ‘तनहाई’, ‘फिराक’. यांत ‘एक शाम’ नावाची सात शेरांची एक नज्म आहे. शीर्षकाखाली कंसात नदीचे आणि गावाचे नाव आहे: नेकर, हायडेलबर्ग. मांजरावरच्या नज्मेत माणसाचे नाव गाळले आणि इथे गावाचे लिहून ठेवले. आमचा लेख मुख्यतः या नज्मेविषयी आहे.

थोडी हकीकत सांगणे भाग आहे. सप्टेंबर १९०५ मध्ये इक्बाल मुंबईच्या बंदरातून विलायतेला निघाले. वाटेत दिल्लीला हजरत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यावर जाऊन आले. ‘इल्तिजा-ए-मुसाफिर’ ही त्या वेळची कविता. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी शिक्षण घेतले, लंडनला बॅरिस्टरीची तयारी केली आणि इराणी तत्त्वज्ञानावरचा प्रबंध म्युनिक विद्यापीठाला सादर केला. म्युनिकसाठी जर्मन यायला हवी, म्हणून १९०७ च्या उन्हाळ्यात ते हायडेलबर्गला गेले. शेरर यांच्या वसतिगृहवजा घरात परदेशी विद्यार्थ्यांना जर्मन शिकवीत. तिथे त्यांना शिकवायला होत्या फ्रॉयलाइन एमा व्हेगेनास्ट. हाइलब्रॉन गावच्या, वयाने इक्बालांहून दोनेक वर्षांनी लहान. इक्बाल एकोणतीस वर्षांचे, १८९३ साली लग्न झालेले, दोन मुलांचे वडील. दोघांनी मिळून गटेचा ‘फाउस्ट’ वाचला. शरदऋतूत इक्बाल म्युनिकला गेले, नोव्हेंबरात डॉक्टरेट मिळाली, तिथून लंडन, आणि जुलै १९०८ मध्ये लाहोर. एवढीच गोष्ट. दोघे पुन्हा कधी भेटले नाहीत.

आता नज्म पाहू. चांदणे निःशब्द आहे, झाडांच्या फांद्या निःशब्द आहेत, दरीतले गाणारे गप्प झाले आहेत, डोंगराची हिरवी वस्त्रे हलत नाहीत. निसर्ग रात्रीच्या कुशीत निजला आहे. या शांततेची जादू अशी की नेकरचे वाहणेसुद्धा थांबल्यासारखे वाटते. वर ताऱ्यांचा काफिला घंटेविना चालला आहे. डोंगर, रान, नदी, सारे जणू मुराकब्यात बसले आहेत. आणि शेवटी कवी आपल्या मनाला म्हणतो की तूही गप्प हो, दुःखाला कुशीत घे आणि नीज.

वाचायला अगदी सोपी नज्म आहे. ‘शिकवा’तली वीज तिच्यात नाही की तत्त्वज्ञानाचा आव नाही. चौदा मिसऱ्यांत ‘खामोश’ हा शब्द, कुठे पूर्ण तर कुठे आखूड होऊन, सात वेळा येतो. शाळकरी कवीने असे केले असते तर आम्ही लाल शाईची रेघ मारली असती. इथे ते खटकत नाही, कारण प्रत्येक ‘खामोश’बरोबर एकेक गोष्ट बोलायची थांबत जाते. आधी चंद्र, मग झाड, मग पाखरू, मग डोंगर. बाहेरचे एकेक दार लावीत कवी आत येतो आणि सर्वांत शेवटी मनाच्या दाराशी पोचतो. ते मन अजून बोलते आहे. ते बोलत नसते तर त्याला गप्प हो म्हणून सांगावे लागले नसते.

दुसरा शब्द ‘आगोश’. कूस, मिठी. तो दोनदा आला आहे. पहिल्यांदा रात्रीच्या आगोशात निसर्ग झोपतो. दुसऱ्यांदा मनाने आगोशात घ्यायचे आहे ते गमला, दुःखाला. उर्दू कवितेत हा शब्द आला की तिथे कोण असायला हवे, हे सांगायला नको. ती जागा दुःखाने भरली आहे. माणूस गेल्यावर त्याच्या जागी काय ठेवायचे, याचे उत्तर इतक्या साधेपणाने दिलेले आम्ही फार ठिकाणी वाचलेले नाही.

आणि तिसरी गोष्ट घंटेची. संग्रहाचे नाव ‘बांग-ए-दरा’, म्हणजे काफिल्याच्या घंटेचा आवाज. झोपलेल्या कौमला उठवणारी, चला म्हणणारी घंटा. इक्बालांची पुढची सारी कविता म्हणजे ही घंटा आहे. आणि याच संग्रहात एक काफिला असा आहे की तो घंटा न वाजवता निघून जातो आहे. प्रवासी तर चालले आहेत, पण कुणाला हाक नाही, कुणाला जागवायचे नाही. हा योगायोग आम्ही मानीत नाही. ज्याला उद्या मोठ्याने बोलायचे आहे, त्याने एका रात्रीपुरती घंटा काढून ठेवली आहे.

ही नज्म निरोपाची आहे, असे इक्बालांनी कुठे लिहून ठेवलेले नाही. आम्ही ती तशी वाचतो, कारण तिच्यात एकच गोष्ट खरोखर हलते आहे, आणि ती म्हणजे निघालेला काफिला. बाकी सगळे थांबलेले आहे.

जर्मन कविता वाचणाऱ्याला इथे गटेचे वाटसरूचे रात्रगीत आठवेल. ते त्याने १७८० मध्ये इल्मेनाऊजवळच्या डोंगरावरील एका लाकडी झोपडीच्या भिंतीवर लिहिले होते. शिखरांवर शांतता, झाडांत वारा नाही, पाखरे गप्प. थांब, लवकरच तुलाही विश्रांती मिळेल. हायडेलबर्गला गटे वाचीत असलेल्या कवीच्या कानात ते नसेल, असे मानणे अवघड आहे. पण फरक पाहा. गटेची शांतता वाटसरूला आश्वासन देते. इक्बालांची शांतता आश्वासन देत नाही. तिथे मनाला हुकूम करावा लागतो, आणि विश्रांती मिळाली तरी ती दुःखासकट. गटेच्या गीतात दुःखाचे नावही नाही. सांगाडा उसना असेल, पण त्यात घातलेला ‘गम’ आमच्या परंपरेतला आहे.

आता त्या खोडीकडे येऊ. आपल्याकडे प्रेमाची कविता हाती आली की तिला दोनच वाटा मोकळ्या असतात. एक तर ती हकीकी ठरवायची: माशूक म्हणजे अल्लाह, विरह म्हणजे रूहची तडफड, शराब म्हणजे मारिफत. नाहीतर मग ती चघळायची. ‘कोण होती?’ एवढाच प्रश्न. मुशायऱ्याच्या निवेदकांनी पहिली वाट राजमार्ग केली आहे आणि चरित्रलेखकांतल्या काहींनी दुसरी. ही सक्ती फार जुनी आहे. मक्केच्या मुक्कामात भेटलेल्या निजाम या विदुषीवरून स्फुरलेल्या कवितांचा संग्रह इब्न अरबींनी केला, तेव्हा फकीहांच्या आक्षेपांना उत्तर म्हणून त्यांना स्वतःच त्यावर तसव्वुफचे भाष्य लिहावे लागले. तो तर शेख-ए-अकबर! मग आजच्या एखाद्या मुस्लिम मराठी कवीने रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या मुलीवर चार ओळी लिहिल्या आणि घाबरून त्यांना सूफी रंग दिला, तर त्याला काय बोल लावायचा?

इक्बालही या सक्तीतून सुटलेले नाहीत. याच भागातली ‘आशिक-ए-हरजाई’ वाचावी. पहिल्या अर्ध्यात कवीवर आरोप आहेत: तू विसंगतींचा पुतळा, तुझे मन एका जागी ठरत नाही, तू हरजाई. दुसऱ्या अर्ध्यात बचाव आहे: मी एका रूपात अडकत नाही, कारण मला पूर्ण सौंदर्य हवे आहे. वकिली चोख आहे. बॅरिस्टरीचा अभ्यास चालूच होता! पण कविता म्हणून ती ‘एक शाम’च्या जवळपासही जात नाही, असे आमचे मत आहे. ज्या कवितेला स्वतःची सफाई द्यावी लागते, तिचा अर्धा श्वास त्यातच जातो. नेकरकाठच्या नज्मेत सफाई नाही. तिने आपले दुःख हकीकी म्हणून सजवलेले नाही आणि मजाजी म्हणून त्याची जाहिरातही केलेली नाही.

इथेच थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण शांततेची स्तुती करताना एक प्रश्न टाळता येत नाही. ही शांतता कुणाकुणाची आहे?

इक्बालांनी एमा व्हेगेनास्ट यांना लिहिलेली सत्तावीस पत्रे उपलब्ध आहेत. पहिले ऑक्टोबर १९०७ मध्ये म्युनिकहून गेलेले; आधीची जर्मनमध्ये, पुढची इंग्रजीत; पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि नंतरही लांबच लांब खंड; शेवटची १९३३ ची. आपल्या तोडक्या जर्मनमध्ये मनातले उतरत नाही, ही तक्रार सुरुवातीच्या पत्रांत येते. उर्दू-फारसीचा बादशहा, आणि जिच्याशी बोलायचे तिच्या भाषेत तो दुसरीतला विद्यार्थी! गोलमेज परिषदेसाठी १९३१ मध्ये ते लंडनला आले, तेव्हा ‘फाउस्ट’ शिकण्याचे ते दिवस सुखाचे होते, असे त्यांनी लिहिले. भेटायला येण्याची इच्छाही कळवली. जाणे झाले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा युरोपात आले. पॅरिसला गेले, स्पेनला गेले. हायडेलबर्ग राहिले.

ही पत्रे एमाबाईंनी अर्धे शतक सांभाळली आणि मृत्यूपूर्वी काही वर्षे पाकिस्तान-जर्मन फोरमच्या स्वाधीन केली. १९६४ मध्ये त्या वारल्या. सईद अख्तर दुर्रानी यांच्या खटपटीमुळे ती वाचकांपुढे आली. त्यांत माया आहे, ओढ आहे, आठवण आहे. त्यापलीकडचा निष्कर्ष काढायला ती पुरत नाहीत आणि कुणी काढूही नये. पण त्यांची उत्तरे आपल्यापुढे नाहीत. एका बाजूने सत्तावीस पत्रे आणि एक अप्रतिम नज्म. दुसऱ्या बाजूने कोरे पान.

नेकरकाठी असे यापूर्वीही घडले होते. सप्टेंबर १८१५ मध्ये याच हायडेलबर्गमध्ये सहासष्ट वर्षांच्या गटेने मारियाने फॉन विलेमर या विवाहितेचा निरोप घेतला. नंतर त्यांचीही भेट नाही, फक्त पत्रे. त्या भेटींतून हाफिजच्या छायेत वाढलेल्या ‘पश्चिम-पूर्व दिवान’मधल्या, १८१९ मध्ये छापलेल्या, जुलेखाच्या कविता आल्या. गटेने स्वतःला हातेम म्हटले. एका कवितेत तर यमकाला ‘गटे’ हवे असताना त्याने मुद्दाम ‘हातेम’ लिहिले. नाव गाळायची ही आणखी एक तऱ्हा. पण खरी गोष्ट पुढेच आहे. जुलेखाच्या तोंडच्या काही कविता, पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या वाऱ्याला उद्देशून असलेल्या सुंदर कविता धरून, मारियानेने स्वतः लिहिल्या होत्या. हे जगाला कळले १८६९ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. तोवर त्या गटेच्याच म्हणून वाखाणल्या जात होत्या. इक्बालांचे ‘पयाम-ए-मशरिक’ हे १९२३ चे पुस्तक म्हणजे याच दिवानला दिलेले उत्तर. म्हणजे ज्या पुस्तकाला पूर्वेने जबाब दिला, त्यात एका स्त्रीचाही आवाज होता, आणि मूळ मुखपृष्ठावर तिचे नाव नव्हते.

आमच्याजवळ मात्र एक आवाज आहे, आणि तो आपल्या घरचा आहे. अतिया बेगम फैजी. त्यांची बहीण नाझली बेगम जंजिऱ्याच्या नवाबांची पत्नी. अतिया शिकण्यासाठी लंडनला गेल्या होत्या. १९०७ च्या एप्रिलमध्ये त्यांची आणि इक्बालांची ओळख झाली आणि ऑगस्टमध्ये त्या हायडेलबर्गलाही गेल्या. १९४७ मध्ये, इक्बालांच्या इंतकालानंतर नऊ वर्षांनी, मुंबईहून त्यांचे ‘इक्बाल’ हे छोटे इंग्रजी पुस्तक निघाले. सहली, नौकाविहार, गाणी, शिक्षिकांपुढे नम्र होऊन बसलेला हा हिंदी विद्वान, सगळे त्यांनी तारीखवार लिहिले. फ्रॉयलाइन व्हेगेनास्टचे नाव घेतले. कुठे कोरी जागा नाही. इक्बालांची स्वतःला आलेली पत्रेही छापली, त्यांत एप्रिल १९०९ चे ते पत्रही आहे ज्यात ते दडपून लावलेल्या लग्नाबद्दल जळजळीत लिहितात आणि देश कायमचा सोडावा म्हणतात. युरोपात पाहिलेला तो तेजस्वी माणूस हिंदुस्थानात पुन्हा दिसला नाही, ही अतियांची खंत पानोपानी जाणवते.

आपल्या समीक्षेने या बाईंचे काय केले? शिबली नोमानींच्या पत्रांतली अतिया, इक्बालांच्या पत्रांतली अतिया. दोन थोरांच्या चरित्रांतली तळटीप. त्यांच्या स्वतःच्या वाक्यांकडे कुणी गद्य म्हणून पाहिले नाही. ती ‘पुरावा’ म्हणून वापरली. आम्हांला तर त्यांचे पुस्तक ‘एक शाम’च्या शेजारी ठेवून वाचावे असे वाटते. निरोपाची दोन रूपे आहेत ही. एक सगळ्यांना गप्प करीत स्वतः गप्प होते. दुसरे चाळीस वर्षांनी, वयाच्या सत्तरीच्या घरात, नावानिशी बोलते. पहिले कविता म्हणून कितीतरी मोठे आहे, यात वाद नाही. दुसऱ्याला धैर्य जास्त लागले.

आणि या गोष्टीत आणखी एक बाई आहे, जिच्याजवळ नज्म नाही, पत्र नाही, पुस्तकही नाही. गुजरातच्या, म्हणजे पंजाबातल्या गुजरातच्या, करीम बीबी. इक्बाल केंब्रिज-म्युनिकला असताना मुलांसह मागे राहिलेल्या. त्या लग्नात इक्बाल सुखी नव्हते, हे त्यांच्या पत्रावरून कळते. त्या सुखी होत्या का, हे कशावरून कळणार? रत्नागिरी-रायगडच्या गावागावांत, ज्यांचे पुरुष आखातात आहेत अशा घरांत, ही बाई आपल्या वाचकांना ओळखीची वाटेल. तिकडे गेलेल्याच्या विरहावर आपल्याकडे शेर लिहिले जातात. इकडे राहिलेलीच्या बाजूने मुस्लिम मराठी साहित्याने आता कुठे लिहायला सुरुवात केली आहे, आणि त्यातही तक्रार फार, तिचे मन कमी.

यामुळे नेकरकाठची नज्म लहान होत नाही. कवीने काय लिहायला हवे होते याची यादी त्याच्या हाती देणे हा समीक्षेचा धंदा नव्हे. आमचा आक्षेप कवीवर नाही, वाचणाऱ्यांवर आहे. आपण ती कोरी जागा अदब म्हणून वाचत आलो. ती अदब आहेच. पण कोरी जागा ज्याने सोडली त्याच्याकडे लेखणी होती, हेही वाचायला हवे.

१९३३ च्या सुरुवातीला इक्बाल कुर्तुब्याच्या मशिदीत उभे होते. ‘बाल-ए-जिब्रील’मधली ती महान नज्म सर्वांना माहीत आहे. तिच्या शेवटाकडे पुन्हा संध्याकाळ होते, पुन्हा नदी येते, आता वादी-उल-कबीर. कवी तिच्या काठी वेगळ्याच काळाचे स्वप्न पाहत असतो. पण या वेळी काठ मुका नाही. मावळतीच्या उजेडात एका शेतकऱ्याची मुलगी गाते आहे, साधे आणि काळजाला भिडणारे गाणे. ‘मस्जिद-ए-कुर्तुबा’वर शेकडो पाने लिहिली गेली, त्यात या मुलीला जेमतेम एखादी ओळ मिळते. नेकरकाठी सात वेळा ‘खामोश’ म्हणणाऱ्या कवीला पंचवीस वर्षांनी दुसऱ्या नदीवर एका मुलीचा आवाज ऐकू आला आणि त्याने तो कवितेत येऊ दिला. हे दोन काठ कुणी जोडून वाचलेले निदान आमच्या पाहण्यात नाही.

हायडेलबर्गला नदीच्या एका काठाला आज इक्बालांचे नाव आहे. ते राहत त्या घरावर फलक आहे. इकडे मुरुडला सुट्टीत माणसे गाड्या भरभरून येतात, होडीतून किल्ल्यात जातात, तोफा पाहतात. ज्या नवाब-बेगमांनी इक्बालांना जंजिऱ्याला येण्याचे आग्रहाने निमंत्रण दिले आणि ज्यांना ते लाहोरहून, येणे जमत नाही म्हणून, पत्रातून सलाम कळवीत राहिले, त्यांचे घर तिथेच आहे. अतिया बेगमांचे पुस्तक फार तर शंभर पानांचे आहे. दोन दिवसांत वाचून होते.